ठकूचे दात आणि दादाचा पूर्वपक्ष

६ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. पन्नाशीला टेकलेल्या बाईला 'चिरंजीव' लिहिताना पेन जरा अडखळायचे. पण तू पुन्हा विद्यार्थिनी झाल्याचे कळले, तेव्हा आता बिनदिक्कत लिहितो.

बातमी भिंगरीने दिली. तुझी ही कन्या बंदरावरच्या क्रेनमध्ये बसून फोन करते, त्यामुळे तिचे प्रत्येक वाक्य वरून अवतरते. मामा, आधी खाली बस, मग सांगते, म्हणाली. मी बसलेलाच होतो. ऐकून उभा राहिलो. दातांच्या दवाखान्यात टेबलामागे बसून वर्षानुवर्षे लोकांना 'बसा, डॉक्टर येतातच आहेत' असे सांगणारी माझी बहीण आता स्वतः कवळ्या घडवायला शिकणार! इतक्या जणांचे उघडे तोंड पाहून तुझे मन भरले नाही, हे मला खरोखर अद्भुत वाटते.

आमचे वर्तमान असे की चिरंजीवांना वास्तुकलेच्या कॉलेजात जागा मिळाली. फीचा कागद वहिनीने मला उभ्याने वाचू दिला नाही. आणि त्यावरून आठवले ते आप्पांचे खाते. आपल्या आप्पांनी नातीसाठी, भिंगरीच्या जन्मानंतर, उघडलेले शिक्षण-बचत खाते तिने क्रेनची वाट धरल्यापासून तसेच पडून आहे. आप्पांमागे त्याचा पालक मी. मागे तू आलीस तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी म्हटले होते की ते आता चिरंजीवांच्या नावावर करू, आणि तू 'बघू' म्हणालीस. आमच्या कोशात 'बघू' म्हणजे होकार. तुझा कोश निराळा असल्याचे भिंगरीने काल सुचवले.

म्हणून मी नियमांचे पुस्तक घेऊन बसलो. गद्य नीरस आहे, पण रचना शास्त्राला शोभेल अशी. मान्य संस्थेचे शिकवणी शुल्क ग्राह्य. परीक्षा शुल्क ग्राह्य. संस्थेने सर्वांना सक्तीची केलेली पुस्तके, हत्यारे ग्राह्य. जाणे-येणे अग्राह्य. उशिराचा दंड अग्राह्य. खाते कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर करता येते. पण पैसे भलत्या कामासाठी काढले तर कर भरा, वर दंडही भरा. आणि शेवटी एक कलम आहे, ते तू नीट वाच: खेळ, करमणूक व छंद यांचे वर्ग अग्राह्य. भिंगरीने तुझ्या पावतीचा फोटो पाठवला. तीवर लिहिले आहे: 'हस्तकला विभाग. मेणातील आकार. सायंवर्ग.' ठकू, हे वाचून कोणालाही मेणबत्त्याच दिसतील.

तेव्हा शांतपणे विचार कर. वहिनी म्हणते वेळेवर जेवत जा. मी म्हणतो चावून जेव. लोभ आहे तेवढा राहू दे, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

तुझा
दादा

१५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. पुढचे 'विनंती विशेष' मुद्दाम गाळले आहे. या पत्रात विनंती नाही. मी मागत नाही, कळवते आहे.

आधी मेणबत्त्यांचे. आमचा वर्ग एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली इंजिने खोकतात, वर आम्ही छोट्या शेगड्यांवर मेण मऊ करतो. ज्याला तोंडातले बत्तीस दात मेणाच्या ठोकळ्यातून नुसत्या आठवणीने कोरता येत नाहीत, त्याला कवळीला हात लावू देत नाहीत. मास्तर चाळीस वर्षे दात करतात आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नाहीत, जबड्याकडे बघतात. माझ्या शेजारी एक बेकरीवाला बसतो. त्याने पहिली दाढ कोरली ती पावासारखी फुगली. मास्तरांनी ती त्याच्याच डब्यात ठेवली. मेणाचा वर्ग हस्तकला विभागात भरतो, कारण मेणाच्या शेगड्या त्या विभागाकडे आहेत. एवढीच त्याची कथा.

आता 'का' ते. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. त्यांची कवळी बोलताना टकटक वाजायची, म्हणून बाई तोंडावर हात धरून बोलायच्या. कवळी तीनदा दुरुस्तीला गेली, तीनदा तशीच परत आली. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, सवय करून घ्या. बाहेर येऊन त्यांनी मला विचारले की हे करतो तरी कोण? दादा, कवळी पाठवायची ती डबी दर वेळी मीच बांधली, पत्ता मीच लिहिला, आणि ती कोणाच्या हातात जाते ते मला ठाऊक नव्हते. बाई पुन्हा आल्या नाहीत. भिंगरीचे बाबा गेल्यापासून मी त्या टेबलामागे बसले आहे; उरलेली वर्षे मला 'सवय करून घ्या' याची पावती फाडत काढायची नाहीत.

तुझे नियमांचे पुस्तक मीही वाचले, तुझ्याइतक्या रसिकतेने नाही. खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारूनही आले. संस्था मान्य आहे. दोन वर्षांची चार सत्रे झाली की प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नोकरी मिळते. मेण कोरायच्या सुऱ्या, मोजपट्टी, पांढरा कोट सर्वांना सक्तीचे, म्हणून ग्राह्य. मला जवळचे दिसत नाही म्हणून नवा चष्मा घेतला, तो अग्राह्य, घेतला. बस अग्राह्य, चालत जाते. पहिल्या सत्राची फी पगारातून भरली आणि तिच्यावर करात सूट घेतली. तीच फी खात्यातूनही काढायचा माझा विचार नाही, घाबरू नकोस. एकाच खर्चावर दोन सवलती म्हणजे एका दातावर दोन कॅप बसवण्यासारखे, बसत नाहीत.

प्रश्न पुढच्या तीन सत्रांचा आहे. पहिली भरून माझी पुंजी संपली. एप्रिलच्या सुरुवातीला दुसरी आगाऊ भरायची. खाते माझ्या नावावर झाले तर शिकेन, नाही तर नाव कापतील. भिंगरीने आईच्या नावावर करा असे लिहून दिले आहे. उरली फक्त पालकाची सही, म्हणजे तुझी. डॉक्टर फी भरायला तयार आहेत, पण पुढची पाच वर्षे टेबल सोडणार नाही असे लिहून द्यायचे. म्हणजे दात करायला शिकायचे आणि डब्याच बांधायच्या. मी नको म्हटले. त्यांना फार वाईट वाटले. मला अजिबात नाही.

चिरंजीवांना आत्याचा पापा. त्यांनी खुशाल घरे बांधावीत. पण आप्पांचे पैसे शिकणाऱ्यासाठी होते, वयात बसणाऱ्यासाठी नव्हते.

लोभ आहेच, तो ग्राह्य धरला आहे.

ठकू

१ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, आणि तू गाळलेले 'विनंती विशेष' माझ्याकडे सुखरूप पोचले आहे.

तुझे पत्र मी जेवताना मोठ्याने वाचले.  वाचून झाल्यावर वहिनी भाजी चिरायची सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या या युक्तिवादाला आजवर मला उत्तर सापडलेले नाही. चिरंजीव ताटावरून उठले आणि दार जरा जास्तच मन लावून बंद केले.

तर मी तुझ्या बाजूला आलो आहे. मनाने म्हणशील तर अजून पायऱ्या चढतो आहे. तर्काने मात्र वर पोचलो. नुसती सही केली असती तर कोणीतरी ते छंदाचे कलम पुढे करून सही उडवून लावली असती. म्हणून अर्जासोबत कार्यालयाला एक सविस्तर टिपण पाठवले. आठ पाने. मी वर्गात शिकवतो ती आपल्या जुन्या शास्त्रकारांची रीत तुला माहीत आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, आणि तेही त्याला स्वतःला सुचले नसते इतक्या चांगल्या शब्दांत. मग त्याचे खंडन. शेवटी सिद्धान्त. पहिली चार पाने वाचलीस तर तुझी तुलाच खात्री पटेल की तू हौसेने मेणाशी खेळणारी एक रिकामटेकडी बाई आहेस. 'ज्या वयात माणसे दात गमावतात त्या वयात ते करायला शिकणे ही करमणूक नव्हे तर काय' हे वाक्य तर इतके झकास उतरले की खोडवेना. पाचव्या पानापासून मी त्या विरोधकाची जी धूळधाण उडवली आहे! आठव्या पानाअखेरीस तू निर्विवाद ग्राह्य ठरतेस.

वहिनी सध्या पाणीपट्टीच्या तक्रारींच्या खिडकीवर बसते. ती म्हणाली, एका पानात लिहा. मी म्हटले, एका पानात मत मांडता येते, सिद्ध करता येत नाही.

निश्चिंत अस. सुरीला धार आणि आमच्यावर माया ठेव.

तुझा
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार. शिरसाष्टांग आज जमणार नाही, पाठ ताठ झाली आहे.

कार्यालयाचे उत्तर आले. नामंजूर. कारणात लिहिले आहे की हा वर्ग छंदाच्या स्वरूपाचा असल्याचे खात्याच्या पालकांनी स्वतःच सविस्तर प्रतिपादन केले आहे आणि कार्यालय त्यांच्याशी सहमत आहे. खाली तुझे ते झकास वाक्य जसेच्या तसे. दातांचे आणि वयाचे. सरकारी कागदावर, सही-शिक्क्यासह.

दादा, त्यांनी पहिले पान वाचले. फार तर दुसरे. तुझा सिद्धान्त आठव्या पानावर सुखाने झोपला आहे आणि तिकडे कोणीही फिरकलेले नाही. लोकांचे शत्रू त्यांचे दात घशात घालतात. माझ्या भावाने तेच काम नुसत्या शैलीच्या जोरावर केले.

मी कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने सहानुभूतीने सांगितले की घरचाच माणूस विरोधात असेल तर आम्ही काय करणार. मी म्हटले, तो विरोधात नाही, तो विद्वान आहे. त्याला फरक कळला नाही. त्या क्षणी मलाही नीटसा कळला नाही. घरी येईपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती की तुला चिरंजीवांसाठी खाते हवे होते, आणि बघ, ते वाचले. हे मी लिहू नये, पण मनात ठेवले तर आंबेल, म्हणून लिहिले.

डॉक्टरांना बातमी कशी लागली कोण जाणे. आज त्यांनी तो पाच वर्षांचा कागद पुन्हा टेबलावर ठेवला, वर पेनही ठेवले. मी पेन जागेवर ठेवले आणि कागदावर रुग्णाच्या चहाचा कप ठेवला.

सुनावणी मागितली आहे. ११ मार्चला. पालकाने हजर राहायचे असा नियम आहे म्हणून तू यायचे. यायचे आणि गप्प बसायचे. विचारले तर एका वाक्यात उत्तर. त्या वाक्यात 'परंतु' आला तर मी तुला ओळख देणार नाही.

ठकू

२४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,
आशीर्वाद तुझ्या दादाने देऊन देऊन संपवले असतील, म्हणून माझ्याकडून नुसतेच 'प्रिय'.

तुझे पत्र आल्यापासून इथे सुतक आहे. तुझा भाऊ ते नामंजुरीचे उत्तर हातात घेऊन खोलीत येरझारा घालतो आणि मधेच विचारतो की पूर्वपक्ष पहिल्या पानावर नाही घ्यायचा तर घ्यायचा कुठे. मी सांगितले, मनात. खरे सांगू, त्या खिडकीत मी असते तर मीही पहिलेच पान वाचून शिक्का मारला असता. मागे रांग असते बाई.

तू शेवटी जे लिहिलेस ते त्याला लागले आहे. लागू दे. त्याने मुद्दाम केले नाही हे तुला माहीत आहे, मलाही आहे. पण लगेच माफ करू नकोस, त्याला वाटेल झाले गेले. निदान सुनावणीपर्यंत ताण.

आता चिरंजीवांचे. तो रुसला आहे हे खरे, आणि त्याची फी जड आहे हेही खरे. तुला बरे वाटावे म्हणून मी खोटे लिहिणार नाही. पण मी त्याला सांगितले की कॉलेज सुरू होईपर्यंत नकाशे काढणाऱ्यांकडे कामाला लाग, उरलेले कर्ज काढू. वीस वर्षांच्या मुलाला फेडायला आयुष्य आहे. तुझ्यापाशी तेवढे नाही. रागावू नकोस, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, मला बोलायचा हक्क आहे.

डॉक्टरांच्या कागदावर सही करशील तर माझ्याशी गाठ आहे. माया आहे ती बोलून दाखवत नाही, तू ओळख.

वहिनी

१३ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि. तुला साष्टांग कधीही, अगदी पाठीत उसण भरली तरी.

दादाने घरी येऊन आपली बाजू सांगितली असेल. आता माझी ऐक.

अधिकारी बाई माझ्याहून वयाने लहान, भिंगरीपेक्षा थोड्या मोठ्या. टेबलावर दादाची आठ पाने. पहिल्यावर लाल खुणा, बाकी सात छापखान्यातून आल्यासारखी कोरी करकरीत. त्यांनी दादाला विचारले की हे आपलेच शब्द ना? दादा हो म्हणाला. मग हे आपले मत नाही का? दादाने श्वास घेतला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला, पण उशीर झाला होता. तो म्हणाला, ते माझे मत नाही, विरोधकाचे आहे. बाईंनी विचारले, विरोधक कोण? दादा म्हणाला, तसा कोणी नाही, कल्पिलेला आहे. बाई म्हणाल्या, म्हणजे आपण सरकारी कार्यालयात आपल्याच बहिणीविरुद्ध खोटा माणूस उभा केलात? वहिनी, दादाने मान वाकवून टेबलावरची आपलीच पाने मोजायला घेतली. तिकीट काढून पाहावे असे दृश्य होते.

मग मी संस्थेचा अभ्यासक्रम पुढे केला. मेणाचे सत्र सक्तीचे, त्याशिवाय पुढची तीन सत्रे नाहीत, ती नसतील तर प्रमाणपत्र नाही. छंदाचे कलमही पुढे केले. त्यात पुढची ओळ आहे, की तोच विषय मान्य प्रमाणपत्राचा भाग असेल तर अपवाद, म्हणजे ग्राह्य. बाईंनी ते दोनदा वाचले. त्यांना पटले, चेहऱ्यावर दिसले. पण आधीच्या नामंजुरीवर त्यांच्या साहेबांची सही आहे. साहेबांचे चुकले असे त्यांनी लिहायचे तरी कसे? आत जाऊन आल्या आणि नवा हुकूम हातात ठेवला. मंजूर! मी दादाचा पाय सोडला.

मग वाचला. 'अर्जदाराचे वय व परिस्थिती पाहता, खास बाब म्हणून, सहानुभूतीपूर्वक, फक्त एका सत्रापुरते.'

वहिनी, मी तो कागद टेबलावर परत ठेवला. बाईंना सांगितले की वय माझे आहे, परिस्थितीही माझी आहे, आणि तुमच्या नियमात या दोन्हींचा उल्लेख नाही. फी ग्राह्य असेल तर तसे लिहा, नसेल तर नाही लिहा. दया लिहू नका. त्या हळूच म्हणाल्या की घ्या हो, दर सत्राला अर्ज करा, मी बघेन. पुढच्या सत्राला या खुर्चीत त्या असतील याची काय खात्री? आणि आमच्या वर्गातल्या बेकरीवाल्याला याच खिडकीने छंद म्हणून परत पाठवले. त्याला कोणाची सहानुभूती? तो दिसायला धडधाकट आहे.

हुकूम नाकारायचा तर लेखी, आणि पालकाच्या सहीने. बाहेर पायऱ्यांवर दादा म्हणाला, हातात आले आहे ते घे, वेडेपणा करू नकोस. मी म्हटले, तू सही कर. बसच्या थांब्यापर्यंत आम्ही भांडलो. मग बस आली आणि तो अर्ध्या वाक्यात चढून गेला. वाक्य काय होते ते त्याला विचार.

फी भरायची तारीख तोंडावर आहे. उडी मारून बसले आहे, खाली काय आहे माहीत नाही. पण मी मागे घेणार नाही. तुझी माया मला लांबूनही ओळखू येते.

ठकू

१९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. अर्धे राहिलेले वाक्य असे होते: 'तू आईवर गेली आहेस.' थांब्यावर ते आरोप म्हणून सुरू झाले होते. आता नुसते निरीक्षण म्हणून कळवतो.

मी घाबरलो होतो, हे मान्य करतो. मंजुरीचा कागद कोणी परत करतो, हे मी ऐकलेही नव्हते. परत केल्यावर ते रागाने पूर्ण नाकारतील, एप्रिल उजाडेल, तुझे नाव कापले जाईल आणि तू पुन्हा डब्या बांधत बसशील, एवढेच मला दिसत होते. घरी येऊन मी हे सारे जेवताना मांडले. या खेपेस निष्कर्ष आधी सांगितला, वहिनी उठून जाऊ नये म्हणून.

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. आमचे चिरंजीव, जे महिनाभर माझ्याशी मीठ मागण्यापुरतेच बोलत होते, ते म्हणाले की आत्याला ते पैसे कीव म्हणून मिळत असतील तर मला राग आहे, कारण मग ते मलाही मिळाले असते. चेहरा पाडून बसता मलाही येते, म्हणाले. पण तिचा नियमाने हक्क असेल तर माझी तक्रार नाही. एवढे बोलून त्यांनी मीठ मागितले.

ठकू, इतकी वर्षे मुलांना न्याय शिकवतो आहे. हे वाक्य माझ्या आठ पानांत कुठेच नव्हते.

त्याच संध्याकाळी सही केली. सोबत पत्र जोडले, एकच पान. त्यात तीन वाक्ये आहेत: हुकूम सवलत म्हणून असल्यास आम्हांस नको. अपवादाच्या ओळीप्रमाणे उरलेल्या तिन्ही सत्रांचा खर्च ग्राह्य आहे, तसा निर्णय द्यावा. आधीच्या टिपणातील विरोधक काल्पनिक असून त्यास गंभीरपणे घेऊ नये. तिसऱ्या वाक्याला वहिनीची हरकत होती, पण माणसाने किती सोसावे?

आता जे होईल ते दोघांचे. तू पडलीस तर मीही पडलो समज, आणि माझे वजन तुला माहीतच आहे. उत्तर यायला लागेल तेवढे लागो. माया मात्र सत्रापुरती ठेवू नकोस.

तुझा
दादा

९ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. आज सगळे पूर्ण लिहिले आहे, बघ.

हुकूम आला. वय नाही, परिस्थिती नाही, खास बाब नाही. कलमाचा क्रमांक आणि 'ग्राह्य' एवढेच. पुढच्या तिन्ही सत्रांची फी, परीक्षा आणि सक्तीची हत्यारे. खाली त्याच साहेबांची सही आहे, जरा दाबून केलेली. इतका रुक्ष कागद मी आयुष्यात पाहिला नाही, दोनदा वाचला. बेकरीवाल्याने त्याची प्रत घेतली आणि आपला अर्ज नेऊन दिला. मागोमाग वर्गातल्या आणखी काही जणांनी. खिडकीवरचा माणूस आता विचारतो म्हणे की तुम्ही त्या दातवाल्या बाईंपैकी का? बेकरीवाल्याला मिशा आहेत, तरी तो हो म्हणतो.

मधले दिवस मात्र कठीण गेले. हुकूम यायच्या आत फीची तारीख उलटली. संस्थेने वर्गात बसू दिले, पण फी जमा होईपर्यंत माझे काम तपासायचे नाही असे ठरले. बाकीच्यांचे दात मास्तरांच्या टेबलावर जायचे, माझे माझ्याच डब्यात. रोज कोरायचे आणि रोज झाकण लावायचे. डॉक्टरांनी त्या काळात तो कागद तिसऱ्यांदा काढला. मी त्यांना पुढच्या वर्षीची माझ्या राजीनाम्याची तारीख सांगितली. म्हणजे त्यांना टेबलासाठी माणूस शोधायला पुरेसा वेळ मिळेल. उशिराचा दंड मी पगारातून भरला. तो अग्राह्य आहे, तुझ्याच पत्रात होते.

खात्यातून फी पोचली त्या दिवशी मास्तर माझ्याजवळ आले. नेहमीसारखे माझ्या जबड्याकडे बघत म्हणाले की बाई, तुम्हाला फार त्रास झाला, तुमचे मेणाचे सत्र मी पास म्हणून लिहून टाकतो. बिचाऱ्यांनी मनापासून म्हटले होते. मी त्यांचे आभार मानले आणि ठोकळा मागितला. सगळ्यांची झाली तशी माझीही परीक्षा घ्या म्हटले, आठवणीने, त्यांच्यासमोर.

निकाल काल लागला. दाढा पास, पटाशीचे दात पास. वरचा डावा सुळा नापास. मास्तरांनी तो भिंगाखाली धरला आणि सगळ्या वर्गाला दाखवून सांगितले की असा सुळा ज्याच्या तोंडात बसेल तो माणूस आयुष्यभर एका बाजूने हसेल. वर्ग खदखदून हसला. मीही हसले. नियमाने नापास झाल्याचा मला इतका आनंद झाला की बेकरीवाल्याला वाटले, मला निकाल कळलाच नाही.

पुन्हा कोरते आहे. पत्र इथेच थांबवते, मेण मऊ झाले आहे.

लोभ असू दे, नसला तरी मी धरूनच चालणार.

तुझी
ठकू